आत्तीचा चेहरा, सूझांचे चेहरे

गेल्या चातुर्मासात आमच्या महिला मंडळात एक व्याख्यान झालं. विषय होता 'अपूर्णतेतलं सौंदर्य'. बाई छान बोलल्या. जपानात फुटलेला चहाचा वाडगा टाकून देत नाहीत, भेगा लाखेनं सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात, अशी चित्रं त्यांनी पडद्यावर दाखवली. शेवटी एका बाईचा रंगवलेला चेहरा दाखवला. एक डोळा वर, एक खाली, गाल खरवडल्यासारखे, रंगाचे फटकारे तर इतके राकट की ब्रशनं मारलेत की केरसुणीनं कळू नये. "झेन विचारानं बघितलं तर हाही चेहरा सुंदर दिसतो," त्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या. मग चहा झाला. चहाच्या वेळी माझ्या शेजारच्या दोघी एका स्थळाबद्दल बोलत होत्या. "मुलगी हुशार आहे, घरपण बरं आहे, पण मानेवर कोडाचा डाग आहे म्हणे."

टाळ्या वाजवणारे हात तेच होते. त्यात माझेही होते, म्हणून सांगते. घरी येताना मला आत्ती आठवली.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझं माहेर सांगलीकडचं, शेतीवाडीचं. लहानपणी आत्तीला देवी आल्या. वाचली, पण चेहऱ्याची चाळण झाली आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. तिचं लग्न जमलं नाही. अख्ख्या घराचं पाणी गाळायचं काम तिचं, पापड-सांडग्यांची उस्तवार तिची, बस्तीत पहाटे सर्वांत आधी तीच. आमच्या घरात लग्नाकार्याचे फोटो खूप, पण एकातही आत्ती नाही. फोटोवाला आला की ती आत स्वयंपाकघरात जायची. कुणी जा म्हणत नव्हतं, कुणी थांब असंही म्हणत नव्हतं. मी लहान असताना तिच्या गालाकडं टक लावून बघत बसायची. एकदा तिनं विचारलं, "काय गं, काय बघालीस?" मी म्हटलं, "खड्डे." ती हसली आणि म्हणाली, "मोज की मग." मी खरंच मोजायला बसले. आईनं मला बदडलं.

ती मोजणी अपुरीच राहिली. ती पुन्हा सुरू झाली म्हापशाला आल्यावर, आणि तीही एका चित्रकारामुळं.

म्हापशापासून साळगाव किती लांब, तर रिक्षानं गेलं तरी पैशाला जड वाटत नाही इतकंच. तिथं 1924 साली न्यूटन सूझा जन्मले. लहानपणीच वडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. पुढं आईनं मुंबईत कपडे शिवून पोराला वाढवलं. या पोरालाही देवी आल्या. आई नवस बोलली की हा वाचू दे, याला पाद्री करीन. पोरगा वाचला. जुन्या गोव्याच्या सायबाची, म्हणजे सेंट झेवियरची आठवण म्हणून तिनं नावापुढं फ्रान्सिस लावलं. पाद्री काही तो झाला नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1945 साली काढून टाकला गेला, 1947 साली त्यानं रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, 1949 साली लंडनला गेला, तिथून न्यूयॉर्कला, आणि 2002 साली मुंबईत वारला. माझी शेजारीण साळगावची आहे. तिला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या गांवचो तो. पूण घरांत लावपासारकीं चित्रां न्हय गो तीं." शेजारणीनं एका वाक्यात केलेली ही समीक्षा मला अजून खोडून काढता आलेली नाही.

पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी त्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडून बसले, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत मिटूनही टाकलं होतं. डोकी, डोकी आणि डोकीच. कपाळ जवळजवळ नाहीच. डोळे थेट केसांच्या रेघेपाशी चढलेले. नाक भाल्यासारखं खाली उतरलेलं. दात म्हणजे शिवणाचे टाके. आणि गालावर, मानेवर, कपाळावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी, गोल खुणा, खाचा. आईच्या शिवणकामाशी याचा संबंध आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण जिनं मशीन चालवलंय तिला त्या रेघा कच्च्या धाग्यासारख्या दिसल्याशिवाय राहणार नाहीत. ओढला की सगळा चेहरा उसवेल असं वाटतं.

त्यातलं एक चित्र 1955 चं आहे, 'मिस्टर सेबॅस्टियन'. सेंट सेबॅस्टियन हा ख्रिस्ती हुतात्मा. युरोपातल्या चित्रांत तो बहुधा देखणा तरुण असतो, उघड्या अंगाचा, खांबाला बांधलेला, अंगात बाण रुतलेले आणि तरी चेहरा असा की बाण जणू दुसऱ्याच कुणाला लागलेत. सूझांनी त्याला 'मिस्टर' केलं. कोट-टाय घालून कचेरीत जाणारा गृहस्थ केलं. बाण मात्र काढले नाहीत, ते मानेत आणि चेहऱ्यात रुतलेलेच आहेत. आणि हा गृहस्थ सरळ समोर बघतो. त्याच्या नजरेत मदतीची याचना नाही आणि क्षमाही नाही. हे चित्र बघताना माझ्या लक्षात आलं की इथं मला कुणी 'हे सुंदर आहे' असं म्हणायला लावत नाही. मला फक्त उठून स्वयंपाकघरात जायची मनाई आहे.

इथंच मला त्या व्याख्यानातल्या वाडग्याशी भांडावंसं वाटतं.

झेन हा शब्द आपल्याला परका नाही, हे आधी सांगते. आपण सामायिकाला बसताना ज्याला ध्यान म्हणतो, प्राकृतात ज्याला झाण म्हणतात, तोच शब्द चीनमध्ये चान झाला आणि जपानात झेन. तिथल्या चहाच्या परंपरेत सेन नो रिक्यू नावाचा मोठा गुरू सोळाव्या शतकात होऊन गेला. झगमगीत चिनी भांड्यांऐवजी त्यानं हातानं घडवलेले, थोडे बसके, खडबडीत वाडगे मानाला चढवले. मोठी गोष्ट केली, यात शंका नाही. पण हे वाडगे कुणाच्या हातात होते? सरदारांच्या, सावकारांच्या. ज्या हिदेयोशीचा रिक्यू चहागुरू होता, त्यानं सोन्यानं मढवलेली चहाची खोली करून घेतली होती, आणि शेवटी 1591 साली त्यानंच रिक्यूला आत्महत्या करायला लावली. ज्याच्या घरी सोनं आहे त्यानं ओबडधोबड वाडगा निवडला, तर ती रुची ठरते. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र बायका मडक्यावर टिचकी मारून, कान लावून आवाज ऐकतात. आवाज फुटका आला की मडकं खाली. पाणी भरायचं असतं ना घरी.

निवडलेली उणीव वेगळी, वाट्याला आलेली वेगळी. निवडलेली आपल्याकडेही आहे. तान्ह्याच्या गालाला आपण काजळाची तीट लावतो ती काय आहे? श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेले तेव्हा बाहुबलीच्या सत्तावन्न फुटी मूर्तीकडं बोट दाखवून एका काकांनी सांगितलं होतं की डाव्या हाताची तर्जनी शिल्पकारानं जरा तोकडी ठेवलीय, दृष्ट लागू नये म्हणून. खरं-खोटं शिल्पकार जाणे. पण ती तीट, ते बोट, ती सोन्याची भेग, या सगळ्या उणिवा भरलेल्या ताटातल्या आहेत. आत्तीचा चेहरा तसा नव्हता. तिच्या व्रणांत कुणी सोनं भरलं नाही, आणि भरलं असतं तर मला वाटतं तिनं ते पुसून टाकलं असतं.

आपल्याकडच्या कथा या बाबतीत काय करतात? अष्टाह्निकेत मैनासुंदरीची कथा ऐकली नाही अशी बाई आपल्यात नसेल. बापानं रागानं मुलगी कुष्ठरोग्याला दिली. तिनं त्याची सेवा केली, सिद्धचक्राची आराधना केली, गंधोदक शिंपडलं आणि श्रीपाल आणि त्याचे सातशे सोबती बरे झाले. मी ही कथा शेकडो वेळा ऐकलीय आणि दर वेळी डोळ्यांत पाणी आलंय. पण म्हातारपणी एक शंका छळते. श्रीपाल बरा झालाच नसता तर? तसाच हातापायाच्या झडलेल्या बोटांनी मैनासुंदरीच्या शेजारी जन्मभर बसला असता तर आपण ही कथा सांगितली असती का? कथेला शेवटी देखणा राजा लागतो. पंडितजी म्हणतील, बाई, तुम्ही कथेचा भाव सोडून भलतंच धरताय. धरते. कारण आत्ती ही कथा पहिल्या रांगेत बसून ऐकायची.

शास्त्र मात्र कथेपेक्षा निर्भीड निघालं, हे मला फार उशिरा कळलं. पाठशाळेत सहा संस्थानं आपण घोकून पाठ केली : समचतुरस्र, न्यग्रोधपरिमंडल, स्वाती, कुब्जक, वामन, हुंडक. पहिलं म्हणजे सर्व बाजूंनी मापात बसणारा देह, देवांचा आणि तीर्थंकरांचा. शेवटचं म्हणजे एकही अवयव धड नाही तो देह. सूझांची डोकी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या तोंडून 'हुंडक संस्थान!' असंच निघालं, आणि ग्रंथालयातली मुलगी माझ्याकडं बघायला लागली. पण पुढचा पाठ आपण घोकत नाही. तो असा की केवलज्ञानाला संस्थानाची अट नाही. सहापैकी कुठलंही संस्थान असलेला मनुष्य केवली होऊ शकतो. म्हणजे स्थळाला जी अट आहे ती मोक्षाला नाही. आणखी एक गंमत. आठ कर्मांना आठ उपमा दिल्यात, त्यात देहाचे आकार घडवणाऱ्या नामकर्माला कुणाची उपमा आहे? चित्रकाराची! तो भला-बुरा, सरळ-वाकडा, नाना तऱ्हेची रूपं रंगवत जातो. रंगवलेल्यात जीव अडकलाय, पण जीव म्हणजे ते रंगवणं नव्हे.

सूझांना यातलं काही ठाऊक होतं असं माझं म्हणणं नाही. ते रोमी ख्रिस्ती घरातले, चर्चवर रागावलेले आणि चर्च कधी न सोडू शकलेले. 1955 साली इंग्लंडच्या 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा जो आत्मपर लेख आला आणि ज्यानं त्यांच्याकडं लक्ष वेधलं, त्याचं नाव मात्र मला दचकवून गेलं : 'अळीचं निर्वाण' असा त्याचा अर्थ. आपण तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांची पायरी चढतो तेव्हा कृमीपासूनच सुरुवात करतो. कृमी, मग मुंगी, मग भुंगा, मग माणूस. एका अळीला निर्वाणाशेजारी बसवणारा माणूस चेहऱ्याच्या बाबतीत लोकांचं ऐकणार नव्हताच.

ती डोकी घडली त्या मातीचा एक भाग मला जुन्या गोव्यात दिसला. 2024 च्या नोव्हेंबरात दहा वर्षांनी सायबाचं शवप्रदर्शन होतं, शेजारणीबरोबर मी गेले. ज्या देहापुढं लाखो माणसं रांगेत उभी राहतात त्याचा उजवा हात नाही. तो 1614 साली तोडून रोमला नेला. आपल्याकडं अंग भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. डिचोलीकडं कुडण्याला आपल्या जुन्या बस्तीचे अवशेष आहेत, लोक त्या जागेला गुजीर म्हणतात. जांभ्याच्या भिंती, वर आभाळ. मी तिथं णमोकार म्हटला तेव्हा कुणापुढं म्हणतेय हेच कळेना. एका धर्मात भंगलेलं पूजेतून बाजूला ठेवतात, दुसऱ्यात भंगलेलाच देह मिरवत नेतात. कुठलं बरं, हा वाद मला घालायचा नाही. पण सूझांच्या चित्रात चेहरा मोडून वेदीवर ठेवायची जी हिंमत आहे ती कुठून आली, हे त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

डोळ्यांचं काय, ते राहिलं. कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांतली चित्रं आठवा. त्या श्वेतांबर परंपरेतल्या, पण बघितल्यात आपण सगळ्यांनी. चेहरा बाजूला वळलेला, तरी पलीकडचा डोळा गालाची कड ओलांडून बाहेर हवेत आलेला. शतकानुशतकं आपण तो डोळा बघतोय आणि कुणी त्याला विद्रूप म्हणत नाही. सवयीचा झाला की डोळा कुठंही चालतो! जपानात अठराव्या शतकात हाकुइन नावाचे झेन गुरू झाले. म्हातारपणी ते बोधिधर्माची चित्रं काढायचे, दारुमा म्हणतात त्याला तिकडं. बोधिधर्म दक्षिण भारतातून गेला असं परंपरा सांगते. ध्यानात झोप येते म्हणून त्यानं पापण्याच कापून टाकल्या अशी दंतकथा आहे. हाकुइनच्या चित्रात ते बिनपापण्यांचे बटबटीत डोळे, जाड शाईचे फटकारे, आणि तो म्हातारा असा वर बघतोय की बघणाऱ्यानंच नजर खाली घालावी. झेनचं व्यक्तिचित्र म्हणून मला कुणी विचारलं तर मी सोन्याच्या भेगेचा वाडगा नाही, हा दारुमा दाखवीन. त्याच्यात गोडवा शोधून सापडायचा नाही. सूझांची डोकी आणि हा दारुमा एकमेकांना भेटले असते तर ओळख पटायला वेळ लागला नसता.

खरं झेनचं वेड असलेला गोव्याचा चित्रकार वेगळाच, वासुदेव गायतोंडे. जन्म त्याच 1924 सालचा, नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. तेही पुढं प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये आले. सुरुवातीला चेहरे, माणसं काढायचे. लघुचित्रांचा आणि जैन पोथीचित्रांचा संस्कार त्या चित्रांवर अभ्यासकांना दिसतो. मग एकेक करून सगळं गळत गेलं. डोळे गेले, चेहरा गेला, आकार गेले. राहिला रोलरनं आणि सुरीनं थरावर थर दिलेला रंग, शेवाळलेल्या विहिरीत वाकून बघावं तसा. मला गायतोंडे फार आवडतात. उपवासाच्या तिसऱ्या दिवशी डोकं जसं रिकामं आणि लख्ख होतं, तसं वाटतं. पण आत्तीच्या प्रश्नाला तिथं उत्तर नाही. चेहराच काढून टाकला की व्रणांचा प्रश्नच मिटला. तो साधूचा मार्ग झाला. ज्यांना रोज सकाळी आरशापुढं उभं राहून कुंकू लावायचंय त्यांनी काय करायचं?

सूझांशीही माझं पुरतं जुळत नाही, तेही लिहिलं पाहिजे. त्यांच्या पुरुषांच्या चेहऱ्यांत जी जखम आहे ती आतून दिसते. बाईपाशी आले की बहुतेक वेळा त्यांची रेघ बदलते. ती हिशेब चुकता केल्यासारखी चालते. उघडी छाती, फाकवलेले पाय, आणि वर चेहरा म्हणजे मुखवटा. पुरुषाला बाण मिळतात, म्हणजे निदान हौतात्म्य मिळतं. बाईला नुसतं उघडं पडणं. मी सोवळेपणानं बोलत नाही. ज्यांच्या बस्तीत दिगंबर मूर्ती असते त्यांना नग्नतेचं भय कोणी घालू नये. पण देह उघडा असणं आणि देह उघडा पाडणं यातला फरक आम्हाला लहानपणापासून कळतो. देवीचे व्रण ज्यानं स्वतःच्या गालावर वागवले त्यानं तसे व्रण असलेल्या बाईला एकदा तरी मिस्टर सेबॅस्टियनच्या खुर्चीत बसवायला हवं होतं, पूर्ण कपड्यांत, सरळ बघत. ते चित्र मी शोधतेय. त्या पुस्तकात तरी मला मिळालं नाही.

1965 च्या सुमाराची त्यांची काळ्यावर काळी चित्रं आहेत, पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. पुस्तकात ती नुसते काळे चौकोन वाटतात. रंग इतका जाड लावलाय की चेहरा रंगानं नाही, रंगाच्या उंचवट्यानं काढलाय. उजेड तिरका पडला, आपण जरा बाजूला सरकलो, की डोळा उमटतो, मग नाक, मग तोंड. काळ्या चंद्रकळेवर काळ्याच रेशमाची बुट्टी असते, ती पदर उजेडात तिरका धरल्यावर दिसते ना, तसं. समोर उभं राहून, हात मागं बांधून, 'बघू मुलगी' म्हणून बघितलं तर काहीच दिसणार नाही. आत्तीकडं मी लहानपणी तसंच बघत होते. चुलीच्या उजेडात, बाजूला बसून.

आत्तीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात माहेरी जुनी ट्रंक आवरताना बँकेच्या पासबुकात तिचा एक फोटो मिळाला. पासपोर्ट आकाराचा, पिवळा पडलेला, एका कोपऱ्यावर शिक्का. पैसे काढायला फोटो लागतो म्हणून बँकेपुढं तिचं काही चाललं नसणार. सरळ कॅमेऱ्याकडं बघतेय, डाव्या डोळ्यातल्या फुलासकट. मी तो म्हापशाला आणला आणि मोठा करायला स्टुडिओत दिला. चार दिवसांनी गेले तर पोरानं मोठ्या हौसेनं फ्रेम पुढं केली. गाल गुळगुळीत, डोळा काळाभोर, रंग उजळ. "काकू, सगळे डाग काढले. वेगळे पैसे नाही घेतले."

त्याचा काय दोष? कुणीही आलं तर हेच मागतं.

"बाळा," मी म्हटलं, "ही कुणाची तरी दुसऱ्याचीच आत्ती झाली. मूळचं ठेवलंयस ना?"

"आहे की कॉम्प्युटरवर. पण काकू, मोठा केल्यावर एकेक खड्डा दिसतो हो."

"दिसू दे. तसाच छाप."

तो छापायला आत गेला. मी स्टुलावर बसून राहिले.